नुसतं बघायचे अडीचशे रुपये

रबाळ्याला माझ्या ऑफिसच्या वाटेवर एका बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडवर गेले काही महिने भलामोठा फलक आहे. त्यावर एक मुलगा हवेत उडी मारतोय, त्याचे आईवडील दात दाखवून हसतायत आणि खाली लिहिलंय, ‘संपूर्ण कुटुंबासाठी धमाल!’ माझा अनुभव असा की ‘संपूर्ण कुटुंबासाठी’ म्हणून जे काही असतं, त्यात एकाला धमाल येते आणि बाकीचे पिशव्या सांभाळतात. म्हणून मी त्या फलकाकडे रोज काणाडोळा करत होते. पण एका शनिवारी आमच्या ओवीनं (वय नऊ, स्वभाव चिकट) तो गाडीतून पाहिला आणि घरी पोचायच्या आत परस्पर तिच्या आजीला फोन लावला. “आजी, उद्या गेम झोन. तू पण यायचंस.”

आजी, म्हणजे माझी आई, म्हणाली, “असूं दे. येन.”

या ‘असूं दे’बद्दल आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आई घणसोली गावात राहते. लग्न होऊन आली ती तिथेच. घणसोलीच्या मासळीबाजारात तिचं मोठं नाव आहे, आणि ते फारसं चांगलं नाही. पापलेटाचा भाव ऐकून ती असं काही हसायची की विकणारीलाच लाज वाटावी. मग उठून चालायला लागायची, मग परत यायची, मग पुन्हा उठायची. लहानपणी मी विजेच्या खांबामागे लपून ही आपली आई नाहीच असा चेहरा करून उभी राहायचे.

बाबा गेले त्याला वर्ष झालं. तेव्हापासून आई कुणाशी भांडलेली नाही. रिक्षावाला म्हणेल तेवढे देते. भाडेकरू दोन महिने उशीर करतो, तर “असूं दे, देल.” सगळ्यात कहर म्हणजे आईची नेहमीची मासेवाली, सुंदरामावशी, तिचा मला फोन आला. आवाजात खरीखुरी भीती.

“बाय, आयेला काय झालं गो? मी सातशे बोलले, तिनं सातशे दिलं!”

घाबरून मावशीनं एक पापलेट वर टाकलं, तर आईनं तेही न बघता पिशवीत घातलं म्हणे. नातेवाईक म्हणतात, वहिनी किती शांत झाल्या. मला त्या शांततेची भीती वाटते. मला माझी भांडकुदळ आई परत हवी होती, आणि ती कुठे मिळते ते कळत नव्हतं. निदान घराबाहेर तरी पडेल, एवढ्याच आशेवर मी गेम झोनला हो म्हटलं.

उलव्याच्या आमच्या घरून साडेदहाला निघालो. आम्रमार्गानं बेलापूर आणि तिथून ठाणे-बेलापूर रस्ता. “रविवारी रस्ता मोकळा असतो,” असं माझा नवरा महेश म्हणाला होता. महेश मूळचा सांगलीकडचा, त्याला अजून इथल्या रविवारांचा अंदाज नाही. तुर्भ्याला ट्रकांच्या मागे आम्ही इतका वेळ उभे होतो की ओवीनं एका ट्रकच्या मागचं सगळं लिखाण पाठ केलं. जाणाऱ्यांसाठी एक सूचना: घणसोली गावात शिरायचं असेल तर गाडी आत घालू नका. दोन्ही बाजूंनी घरं, मध्ये स्कूटर, आणि समोरून हमखास पाण्याचा टँकर. आम्ही बाहेर नाक्यावर थांबलो आणि आई चालत आली. हातात कापडी पिशवी, पिशवीत स्टीलचा डबा.

“डबा कशाला गं?”

“पोरीला भूक लागल. भाकऱ्या हान आनि सुकट.”

रबाळे तिथून जवळच. कारखान्याच्या जुन्या आवारात पार्किंग, चाळीस रुपये. इथपर्यंत तक्रार नाही.

तक्रार काउंटरपासून सुरू होते. वेबसाइटवर ‘फक्त ४९९’ असं ठळक लिहिलंय. त्याच्या डोक्यावर एक चांदणी आहे, आणि ती चांदणी काय म्हणते हे तुम्हाला काउंटरवर आल्यावर कळतं. तो भाव मंगळवार ते गुरुवारचा. रविवारी मुलाला तासाचे सातशे नव्याण्णव. ठीक आहे, म्हटलं, एकच तिकीट द्या.

“मॅम, तुम्ही तिघं स्पेक्टेटर ना?” काउंटरवरच्या मुलीनं विचारलं. “स्पेक्टेटर अडीचशे पर पर्सन.”

“आम्ही खेळणार नाही. नुसते उभे राहणार.”

“हो मॅम, तेच. बघायचं तिकीट.”

शिवाय मोजे. प्रत्येकी साठ, सक्तीचे, घरचे चालत नाहीत कारण घरच्या मोज्यांना खाली रबरी ठिपके नसतात. उभं राहून बघताना पाय कुठे घसरणार, हे मी विचारलं. “पॉलिसी आहे मॅम.” थोडक्यात, एका मुलीनं उड्या मारायच्या म्हणून अठराशेला अकरा रुपये कमी.

मी आशेनं आईकडे पाहिलं. एके काळी या ‘बघायच्या तिकिटा’वर तिनं ते काउंटर डोक्यावर घेतलं असतं.

“बगाचे पैशे?” तिनं एकदाच विचारलं.

“हो आजी.”

“असूं दे,” आई म्हणाली आणि खाली वाकून मोजे चढवायला लागली.

गेटवर सुरक्षारक्षकानं पिशवी तपासली, डबा उघडला, सुकटीचा वास आल्याबरोबर मान मागे घेतली आणि “बाहर का खाना अलाउड नहीं” म्हणून डबा ठेवून घेतला, बदल्यात प्लास्टिकचा बिल्ला दिला. तरीही आई “असूं दे.” मी महेशच्या कानात म्हटलं, “आपण परत जाऊया.” तो म्हणाला, “आता पैसे भरलेत की!” आमच्या घरात या वाक्यापुढे वाद चालत नाही.

आता आतलं सांगते, कारण तुमच्यापैकी बरेच जण त्याचसाठी वाचताय. शेड प्रचंड आहे, एसी इतका की शाल न्या. आवाज असा की शेजारच्याशी बोलायला खुणा कराव्या लागतात. बास्केटबॉलच्या यंत्रात चेंडू टाकला की परत येत नाही. चिमट्यानं खेळणं उचलायचं यंत्र आहे, त्याचा चिमटा खेळण्याला नुसता गोंजारतो. डॅशिंग कारच्या रिंगणाला साखळी, त्यावर कागद: ‘काम चालू आहे’. काम कुणीही करत नव्हतं. हवेत उडायचा घोडा होता, त्याच्यावर चादर. खरी म्हणावी अशी एकच गोष्ट, ती म्हणजे ट्रॅम्पोलिन. ओवी तिच्यावर तुटून पडली. लाल झालेला चेहरा, वेण्या छताकडे. तेवढी पंधरा-वीस मिनिटं मलाही वाटलं की चला, काहीतरी वसूल होतंय.

बघणाऱ्यांसाठी खुर्च्या किती, तर चार. चारही भरलेल्या, त्यातल्या एकीवर तर माणूससुद्धा नाही, कुणाची तरी बॅग. आईचे गुडघे दुखतात. ती एका खांबाला टेकून उभी होती, पायात जांभळे मोजे. मी खुर्ची मागायला गेले तर उत्तर आलं, “मॅम, बसायचं असेल तर कॅफेत काहीतरी ऑर्डर करावं लागेल.” कॅफेत पाण्याची साधी बाटली पन्नास रुपये. मी ती घेतली, कारण रागानं माझाच घसा कोरडा पडला होता. बसायला गेले तर, “मॅम, हे फक्त बर्थडे पार्टीसाठी रिझर्व्ह आहे.”

ती बर्थडे पार्टी लगेच आलीच. वीसेक मुलं, फुगे, फोटोवाला. आणि ट्रॅम्पोलिनवरची बाकी सगळी मुलं खाली उतरवली गेली. “फक्त ट्वेंटी मिनिट्स,” शिट्टीवाला म्हणाला. ओवीच्या मनगटावरचा पट्टा मात्र तिचा तास मोजतच होता. ती जाळीपाशी गुडघ्यांवर हनुवटी टेकून बसली. रडत नव्हती. तिच्या आजीसारखी ‘असू दे’ करून बसली होती, आणि ते मला अजिबात बघवेना.

“जाऊ दे की,” महेश म्हणाला, “बाहेर जाऊन मिसळ खाऊ.”

मी वळून पाहिलं तर खांबापाशी आई नव्हती.

आधी आवाज आला. त्या सगळ्या यंत्रांच्या गोंगाटावरून आलेला तो आवाज मी वर्षभर ऐकला नव्हता. मासळीबाजार या टोकापासून त्या टोकापर्यंत गाजवणारा.

“मी बगाचे अडीचशे दिले का नाय?”

मी धावले. आई काउंटरवर दोन्ही तळवे टेकून उभी. समोर ती मुलगी, आणि आतून शर्ट खोचत आलेला एक माणूस.

“तू कोन?” आईनं विचारलं.

“मी मॅनेजर, आजी. प्रॉब्लेम काय झाला?”

“बगाचे पैशे घेतलं ना तुमी? मंग दाखवा! काय हाय बगाला? ती गाडी बंद. घोऱ्यावर चादर. माजी नात कोपऱ्यान बसली. ती उऱ्या मारतंय ते बगाचे मी पैशे दिले, दुसऱ्याचा वाडदिवस बगाचे नाय!”

“आजी, स्पेक्टेटर म्हणजे फक्त एंट्री असते.”

“एन्ट्री म्हंजे उभी ऱ्हाची? उभी तर मी नाक्यावर फुकट ऱ्हातंय!”

मागे एक गृहस्थ मुलाला कडेवर घेऊन उभे होते, ते म्हणाले, “आजी बरोबर बोलतायत.” त्यांच्या मागे आणखी दोघं-तिघं आले. महेश चिमट्याच्या यंत्रापाशी जाऊन आतल्या टेडी अस्वलाकडे फार लक्ष देऊन बघायला लागला.

मॅनेजरनं खिशातून कूपन काढलं. पुढच्या वेळी पन्नास टक्के सूट.

“कवाचं?”

“मंगळवार ते गुरुवार.”

आई हसली. तेच हसू, ज्याला सुंदरामावशी घाबरायची. “कागूद नको. चल गो,” ती मला म्हणाली आणि पाठ फिरवून दाराकडे चालायला लागली. मला ही चाल ठाऊक आहे. सहा पावलं टाकायची, मग समोरचा हाक मारतो. सहाव्या पावलाला मॅनेजरनं हाक मारली.

“आजी, थांबा, थांबा! तुमचे अडीचशे परत देतो. बस?”

आता खरं सांगते, तिच्या जागी मी असते तर पैसे घेऊन मोकळी झाले असते. आईनं मान हलवली.

“सगलं नको. अर्धं बगलं मी. पोरगी उऱ्या मारीत व्हती तवर बगलं. अर्धे दे. आनि तिची बुडलेली येल भरून दे. आनि मना खुर्ची.”

अर्धे परत द्यायचे म्हटल्यावर कॉम्प्युटर अडला. त्याला एकतर सगळे परत करता येतात नाहीतर काहीच नाही. शेवटी मॅनेजरनं स्वतःच्या खिशातून एकशेतीस काढून दिले. आईनं पिशवीतून पाचाचं नाणं शोधून त्याच्या हातावर ठेवलं. त्याच्या केबिनमधली चाकांची खुर्ची आली. ओवीला अर्धा तास वाढवून मिळाला. ते बघून जाळीपाशी बसलेल्या बाकी पोरांच्या आयाही काउंटरवर गेल्या आणि त्यांनाही मिळाला. डब्याचं मात्र जमलं नाही. त्यावर आई म्हणाली, “बरं, ते तुजं खरं. बाहेरचं खानं नाय तर नाय.” सौद्यात एक गोष्ट समोरच्याला सोडायची असते, हा तिचा जुना नियम.

मग ती खुर्चीत पदर सारखा करून बसली आणि पूर्ण अर्धा तास तिनं नातीच्या उड्या बघितल्या. मी स्वच्छतागृहात जाऊन तोंडावर पाणी मारलं. लाजेनं नाही. लहानपणी लाज वाटायची त्याच गोष्टीनं आता रडू आलं होतं, आणि बाहेर जाऊन हे कुणाला समजावणार?

डबा आम्ही पार्किंगमध्ये, गाडीचे दरवाजे उघडे टाकून खाल्ला. त्या दिवसातलं सगळ्यात चांगलं जेवण, आणि शुल्क काहीही नाही. परतीच्या वाटेवर आई घणसोलीपर्यंत बोलत होती. त्या मॅनेजरला असं बोलायला हवं होतं, तसं सांगायला हवं होतं, मोज्यांचे पैसे तर राहूनच गेले. “जांभले मोजे कोन घालतं गो?” उतरताना मात्र तिनं ते पिशवीत नीट घडी करून ठेवले होते.

तर, जावं का? मी सोमवारी सकाळी डोकं शांत करून लिहून ठेवलं होतं: रविवारी मुळीच जाऊ नका. गुरुवारी शाळेला सुट्टी असेल तर एकट्या मुलाला सोडता येतं का विचारा. येत नाही, पण विचारा. शाल न्या. ट्रॅम्पोलिन चांगलं, बाकी यंत्रं दुरुस्त झाल्यावर बघू. मुलांच्या तिकिटाची किंमत निम्मी असती तर बरोबर ठरली असती. बघणाऱ्यांकडून पैसे घेणं हा शुद्ध निर्लज्जपणा आहे. यातला एकही शब्द मी मागे घेत नाही.

पण बुधवारी ऑफिसात असताना सुंदरामावशीचा फोन आला. मागे बाजाराचा कल्ला, आणि मावशी तणतणत होती.

“बाय, तुजे आयेला काय तरी सांग गो! बोंबलाचा वाटा दोनशे बोलले, तर शंभर देऊन गेली! वर दोन उचललं फुकटचं! आनि जाताना मनाच बोलते, तुजा काटा खोटा हाय!”

एवढं बोलून मावशी थांबली. आणि मग ती फोनवर मोठ्यानं हसायलाच लागली.