लाल पेन्सिलीखालचं पाणी

ध्रुवाजवळच्या त्या हवामान स्टेशनवर त्याला सगळे अष्टमांश म्हणायचे. आभाळाचे मनातल्या मनात आठ भाग करायचे आणि त्यांतले किती ढगांनी व्यापलेत, ढग पाण्याचा की बर्फाचा, ते दर तीन तासांनी वहीत लिहायचं, ही त्याची नोकरी. असे आठ हिवाळे काढले त्याने. घरी परतल्यावर बायकोने चहा किती विचारलं, तरी "पाच अष्टमांश" म्हणायचा. ती मुद्दाम काठोकाठ भरायची.

आता बायको नाही, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुतणीने त्याच्या वह्यांच्या प्रती पसरल्यात. अख्ख्या पृथ्वीचं हवामान गणिताने कॉम्प्युटरवर चालवतात, तिथे ती कामाला आहे.

"काका, आमच्या मॉडेलला ध्रुवावरचे ढग जमत नाहीत."

"का, गार लागतं त्याला?"

"थट्टा पुरे. थंडी वाढली की मॉडेल ढगातल्या पाण्याचं लगेच बर्फ करून टाकतं. बर्फाचा ढग विरळ, त्यातून जमिनीची ऊब निसटून जाते. म्हणून मॉडेलमधला हिवाळा खऱ्यापेक्षा गार. मी म्हणतेय, तिथे उणे वीसलाही ढगात पाणी असतं. मॉडेल तपासणारे समितीवाले म्हणतात, जुन्या नोंदी बघ. सहा हिवाळे नुसतं बर्फ. अक्षर तुमचं."

"आणि पहिले दोन?"

"पाणी. एकशे अकरा वेळा. प्रत्येकावर लाल काट."

स्टेशनच्या मुख्य साहेबांच्या त्या लाल पेन्सिलीचा खरखराट त्याला अजून ऐकू येत होता. ढग खाली उतरून खांबाच्या तारेला घासून जायचा आणि तारेवर वाऱ्याच्या अंगाने पांढरं कवच चढायचं. बर्फाचे कण असे चिकटत नाहीत, उडून जातात. चिकटतं ते पाणी, शिवताक्षणी गोठणारं. एकदा तर कवच चाकूने खरवडून तो धावत जेवणघरात गेला होता, साहेबांना दाखवायला. दाखवेपर्यंत उबेत ते वितळलं.

"उणे बावीसला पाणी?" साहेब म्हणाले. "अहो अष्टमांश, हे ढगातून आणलंत की नळातून?"

टेबलावरचे सगळे पोट धरून हसले. तोही हसला, काय करणार. दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी त्याच्या नोकरीच्या कागदांवर शेरा पडला: नजर भरवशाची नाही.

"मला सगळं कळलंय," पुतणी पुढे सरकली. "साहेबांनी दमात घेऊन तुम्हाला बर्फ लिहायला लावलं. एवढंच लिहून द्या, काका. मग तुमचे पहिले दोन हिवाळे मी धरू शकते. एकशे अकरा नोंदी. सगळ्या जगात त्या भागाच्या एवढ्या जुन्या नोंदी कुणाकडेच नाहीत."

तिने पेन पुढे केलं. त्याने ते घेतलं, टोपण काढलं, परत लावलं.

"त्यांनी नाही लावलं."

"म्हणजे?"

"दोन वर्षं त्यांनी खोडलं. नंतर मी त्यांना तसदी दिली नाही."

"पण बाहेर जाऊन बघत होतात ना?"

"सुरुवातीला. तार खरवडायचो आणि आत येऊन बर्फ लिहायचो. मग म्हटलं, लिहायचं ठरलेलंच आहे तर एवढ्या थंडीत जायचं कशाला. खिडकीतून लिहायला लागलो." तो टेबलाच्या कडेशी बोलत होता. "शेवटच्या वर्षी खिडकीही नाही. बघ, पानोपानी साहेबांची सही आहे. उत्तम म्हणून."

तिने त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं.

"हे मला सांगायलाच हवं होतं का?"

"तू विचारलंस. आधी कुणी विचारलं नव्हतं."

"आता मी पहिले दोन तरी कसे धरू? ते म्हणतील, जो माणूस सहा वर्षं न बघता लिहितो..."

"म्हणू देत. बरोबरच म्हणतील."

तिने कागद गोळा करायला घेतले. लाल काट असलेले वेगळे ठेवले, मग तेही त्याच गठ्ठ्यात सरकवले. "आठही वगळावे लागतील, काका."

तो उठून खिडकीशी गेला. बाहेर आभाळ गच्च भरलेलं होतं, एक भागही मोकळा नव्हता. त्याने ते नीट पाहिलं, मग वळून तिच्या हातातल्या आठ हिवाळ्यांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं.

"आठात शून्य," तो म्हणाला, स्टेशनच्या दारातून नोंद ओरडून सांगायचा त्याच सुरात. "घे लिहून."