चौथी पिन पांढरी होती

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली बाई मी. आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाचा पंखा आपोआप फिरायला लागला की लोक मांत्रिकाच्या आधी मला हाक मारायचे, आणि कारण सापडायचंच... बहुतेक वेळा रेग्युलेटर. त्यामुळे इथले अनुभव मी वाचते ते जरा हसतच. तरी हा एक लिहितेय, कारण याचा रेग्युलेटर मला आजवर सापडलेला नाही.

साल पंचाण्णव. आम्ही डोंबिवली पूर्वेला दुसऱ्या मजल्यावर राहायचो. मी ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये, कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत टेस्टिंगला होते. इस्टेटला सुट्टी शुक्रवारची, म्हणजे सगळं जग कामावर आणि आम्ही घरी. हॉलच्या कोपऱ्यात माझा फोर-एटी-सिक्स कॉम्प्युटर असायचा, आईने विणलेल्या रुमालाखाली झाकलेला.

आईचा थोरला भाऊ विष्णूमामा एअरफोर्समध्ये लढाऊ विमानांवर टेक्निशियन होता. रिटायर झाल्यावर नौपाड्यात राहायचा आणि वागळे इस्टेटमध्येच मीटर-गेज दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर होता. त्यालाही शुक्रवारचीच सुट्टी. सकाळी दहाच्या आत आमच्याकडे हजर.

एका मित्राने मला नऊ फ्लॉप्यांवर लढाऊ जेटचा एक गेम दिलेला. वाटलं, मामा खूश होईल. मामाने चष्मा पुसला, खुर्ची ओढली आणि चुका काढायला सुरुवात केली.

"हे काय, बटण दाबलं की नेव्हिगेशन तयार? अगं, विमानाला दिशा दाखवणारी जायरो स्थिर व्हायला वेळ लागतो. थांबावं लागतं तिच्यासाठी."

"मामा, गेम आहे तो."

"रडारचा सर्च मोड आहे, लॉक आहे, सगळं आहे. पण उडण्याआधी हायड्रॉलिकचं प्रेशर कोण बघणार, तुझा बाप?"

"माझा बाप आत झोपलाय. हळू बोल."

पण एक सांगते, त्याचे डोळे चमकायचे. शत्रूचं रडार आपल्याला कुठल्या दिशेने बघतंय ते ठिपक्याने दाखवणारा तो छोटा गोल पडदा त्याला फार आवडायचा. उष्णतेमागे धावणाऱ्या मिसाइलला चकवायला मी जळते फ्लेअर सोडले की "शाब्बास ठमे!" म्हणून पाठीत धपाटा. मात्र स्वतः जॉयस्टिकला कधी हात लावायचा नाही. "मी जमिनीवरचा माणूस," म्हणायचा.

आणि जमिनीवरचे सगळे नियम त्याने आमच्या हॉलमध्ये आणले. आधी टेबलाला एक प्रदक्षिणा, वायरी हलवून बघणं. मग वहीत त्याची सही, मग माझी. सही झाल्याशिवाय चाक हलणार नाही! शेवटी चिमटे. कपडे वाळत घालायचे चार लाल चिमटे तो मॉनिटरच्या कडेला लावून ठेवायचा. मी बसले की डावीकडून वाकून एकेक काढायचा आणि चारही माझ्या डोळ्यांसमोर धरायचा.

"किती?"

मी चार बोटं वर करायची. "चार!"

मग चिमटे त्याच्या डब्याच्या पिशवीत.

खऱ्या विमानात म्हणे पायलटच्या सीटमध्येच स्फोटकं असतात, संकटात त्याला सीटसकट बाहेर फेकायला. जमिनीवर चुकून उडू नये म्हणून तिला पिना लावलेल्या असतात, प्रत्येकीला लाल फीत. मामाच्या विमानाच्या सीटला चार होत्या. शिडीवर चढून टेक्निशियन त्या काढतो, पायलटला दाखवतो आणि कॉकपिटमधल्याच एका पिशवीत ठेवतो. एक जरी राहिली तरी सीट उडत नाही. मला ही सगळी म्हाताऱ्याची हौस वाटायची. चिमटे त्याच्या पिशवीतून काढून आईला परत द्यायला मी विसरायचे आणि शिव्या खायचे.

तो श्रावणातला शुक्रवार होता. आईने जिवतीची पूजा केली, मला ओवाळलं. माझा भाऊ तेव्हा नोकरीला नागपूरला, म्हणून तिने त्याच्या नावाने चारी दिशांना अक्षता टाकल्या. मूल जिथे असेल तिथे पोचतात म्हणतात. मामा पुरणपोळी समोर ठेवून नुसता बघत होता.

"कुसुम," तो म्हणाला, "एक मूठ आमच्या साहेबांच्या आईच्या वतीने टाक गं."

"कोण साहेब, दादा?"

आणि तेव्हा पहिल्यांदा त्याने सांगितलं. पंजाबकडचा, चोवीस वर्षांचा पायलट. मामाचं विमान उडवायचा. "किती?" एवढंच मराठी त्याला कळायचं, तेही मामाने शिकवलेलं. वीसेक वर्षांपूर्वी एका सकाळी घाईचा भोंगा वाजला, मामाला दुसऱ्या विमानावरून पळत बोलावलं, त्याने साहेबाला बसवलं, शिडी काढली. विमान डोंगरात पडलं. साहेब बाहेर पडलाच नाही. आगीत काही उरलं नाही, पिनांची पिशवीसुद्धा. चौकशीत मामावर कुणी बोट ठेवलं नाही.

"पण मला आठवत नाही गं," मामा म्हणाला. "चारही काढल्या का... हजार वेळा केलेलं काम. हात करतात, डोकं तिथे नसतं. त्या एका दिवसाचं आठवायला जातो तर बाकीचे हजार दिवस मध्ये येतात."

साहेबाच्या आईचं त्याला पत्र आलेलं. एकच प्रश्न होता : माझा मुलगा बाहेर का नाही पडला? ते पत्र मामाच्या पाकिटात वीस वर्षं होतं. उत्तर दिलेलं नव्हतं. "काय लिहू? मी विसरलो असेन, असं?"

मला चिमट्यांची केलेली सगळी थट्टा आठवली आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, "मामा, आज तू बस पायलटच्या जागी. चिमटे मी काढते."

तो नको नको म्हणाला. मग बसला.

दुपारचे साधारण अडीच वाजलेले. लख्ख उजेड, खिडकी उघडी, शेजारी कुकरच्या शिट्ट्या. बाबा झोपलेले म्हणून स्पीकर बंद. पडद्यावर नेहमीचा कॉकपिट, समोर रनवे. मी मामाच्या डावीकडे उभी राहिले, वाकून चारही चिमटे काढले आणि त्याच्यासमोर धरले.

"किती?"

मामा माझ्याकडे बघतच नव्हता. तो पडद्याकडे बघत होता.

पडद्यावर, डाव्या बाजूने, काचेच्या कडेवरून एक हात आत आला होता.

नीट सांगते. त्या गेममध्ये माणूस नव्हताच. विमानं, टेकड्या, इमारती, सगळं ठोकळ्यांचं. आणि हा हातही तसाच, मोठमोठ्या चौकोनी ठिपक्यांचा, पण हात होता. सावळा, तरुण, बाही कोपरापर्यंत दुमडलेली. मनगटाच्या आतल्या बाजूला घड्याळ. मामा तेव्हाही घड्याळ तसंच बांधायचा. त्या हातात चार पिना लोंबत होत्या, फितींसकट. मी मोजल्या. भीती वाटली नाही... देवळात गाभाऱ्याचं दार उघडतं तेव्हा जसं गप्प व्हायला होतं, तशी मी गप्प झाले.

मग मी एक मूर्ख प्रश्न विचारला. "मामा, चौथी पांढरी का आहे रे?"

तीन फिती लाल होत्या. चौथी पांढरी होती.

पडद्याच्या खालच्या कडेने पायलटचा हातमोजा वर आला. चार बोटं. मग अंगठा. मग पिना धरलेला हात मागे सरकला, आणि समोर फक्त रनवे. सगळी मिळून दहा सेकंदं असतील.

"बँडेज," मामा म्हणाला. "बँडेजची पट्टी आहे ती. त्या दिवशी सकाळी... चौथीची फीत तुटून हातात आली. स्टोअर उघडलं नव्हतं. फर्स्ट एडच्या पेटीतली पट्टी मीच बांधली. म्हटलं, संध्याकाळी बदलू." तो माझा हात धरून बसला होता, चिमट्यांसकट. "ठमे, ती पट्टी असताना ते विमान एकदाच उडालं. एकदाच. त्याच दिवशी!"

आणि माझा साठीतला मामा लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. आई धावत आली. सगळं ऐकून तिने विचारलं, "मग दादा, तो बाहेर का नाही रे पडला?"

"ते त्यालाच माहीत, कुसुम. खाली वस्ती असेल, विमान वळवत असेल... मला कधी कळायचं नाही. पण पिनांमुळे नाही."

त्याने आईकडे इनलँड लेटर मागितलं आणि तिथेच, कीबोर्ड बाजूला सारून, हिंदीत पत्र लिहिलं. एक ओळ मला वाचून दाखवली : "माताजी, चारों पिन निकली हुई थीं. मैंने दिखाईं और उन्होंने गिनीं." पोस्टाच्या पेटीपर्यंत मी सोबत गेले. पत्र आत टाकल्यावर त्याने पेटीला वाकून नमस्कार केला. महिन्याभराने उत्तर आलं, दुसऱ्या कुणाच्या अक्षरात, कारण त्या बाईंना आता दिसत नव्हतं. ते मामाने कुणालाच वाचायला दिलं नाही. जुन्या पत्रासोबत पाकिटात ठेवलं.

मी स्वस्थ बसणारी नव्हते. तो गेम मी शंभरदा चालवला, मामाला बसवून, न बसवून. काही नाही. त्या काळी सगळ्याचं खापर व्हायरसवर फुटायचं, म्हणून तेही तपासलं. एका प्रोग्रामर मित्राने गेममधली सगळी चित्रं एकेक करून उघडली. हात नाही, पिना नाहीत, माणूस नावाला नाही. मॉनिटर खोलला, कार्ड बदललं. मामा चहा पीत बघायचा आणि विचारायचा, "काय ठमे, रेग्युलेटर सापडला?" त्याला शोधायचं काही उरलं नव्हतं. चिमटेही त्याने स्वतःहून आईला परत दिले.

आता मामा नाही. तुम्ही म्हणाल, त्याचं दुःख ऐकून दोघांच्या मनाचे खेळ झाले. मीही दुसऱ्या कुणाला हेच म्हटलं असतं. हात, घड्याळ, चार पिना, हे सगळं मी पाच मिनिटांपूर्वी ऐकलेलं होतं किंवा रोज बघत होते, मान्य. पण बँडेजचं मामाने सांगितलेलं नव्हतं. ते त्यालाच आठवत नव्हतं.

पांढरी पट्टी आधी मी पाहिली.