मांडवात तापवलेला सिंथेसायझर

"गणपतीपासून ॲकॉर्डियन बंद. हा एकटा पुरेल," असं म्हणत अण्णांनी वाद्यांच्या दुकानात, अनेक वाद्यांचे आवाज काढणारा सिंथेसायझर माझ्यापुढे ठेवला. अण्णा आमच्या ऑर्केस्ट्राचे मालक. मी इलेक्ट्रिक ऑर्गन वाजवायचो, दत्तूमामा ॲकॉर्डियन. मामांचं घर त्या वाजवण्यावरच चालायचं.

"मामांना सांगितलंत?"

"तू वाजवून बघ, ठीक आहे म्हण. मग सांगतो."

म्हणजे सुरी माझ्या हातात! मला रागच आला. म्हटलं, "ते मांडवात ठरेल. दुकानात पंखा असतो, आणि प्रेक्षक नसतात."

चिंचवडला एका कंपनीच्या कॉलनीत पहिला कार्यक्रम होता. आदल्या दुपारी तिथल्या पत्र्याच्या मांडवात तालीम लावली. मामांच्या कानावर कुणीतरी घातलंच होतं, तरी ते सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते.

आधी चांगलं सांगतो. बासरीचा आवाज झकास. बाजूला एक छोटं चाक होतं, ते फिरवलं की सूर घसरत जाई. म्हणजे मींड, जी ऑर्गनवर जन्मात निघाली नसती. मी खूश झालो, खोटं कशाला बोलू?

मग तीन पट्ट्या एकदम दाबल्या. वाजली एकच. गाण्यामागे तीन-चार सूर एकत्र धरतात, त्याला कॉर्ड म्हणतात. गाणं त्याच्यावर टेकलेलं असतं. हे यंत्र एका वेळी एकच सूर काढायचं.

दोन गाण्यांनंतर आमच्या गायिका सुनंदाताई थांबल्या. "अरे, तू वर चाललायस." पत्रा तापला, यंत्र तापलं आणि सूर चढला होता.

"कार्यक्रम संध्याकाळी आहे, तेव्हा गार असतं," अण्णा म्हणाले.

"बरं. मग आता वन्स मोअर द्या," मी म्हटलं.

वन्स मोअर आला की ताई क्षणभरही थांबत नसत, सरळ पहिल्यापासून उचलत. गाणं बासरीवर सुरू होऊन व्हायोलिनवर संपणारं होतं. यंत्रात आवाज साठवायची सोय नव्हती. दर वेळी पाच-सहा बटणं फिरवून तो नव्याने जुळवायचा. अण्णांनी खुर्चीतून आरोळी ठोकली, ताईंनी उचललं, आणि मी बटणंच फिरवत बसलो. बासरीची जागा कोरडी गेली. पुढच्या ओळीला कुकरच्या शिट्टीसारखं काहीतरी निघालं.

आमचा तबलजी चिखलीचा. तो म्हणाला, "अण्णा, पब्लिक काय थांबत न्हाई हां."

"मग मी हा घेतला कशाला राव?" अण्णा वैतागले.

"बासरीसाठी," मी म्हटलं. "ती यावर वाजवू. बाकी मामांशिवाय भागणार नाही."

अण्णा खुर्चीतून उठून मामांपाशी गेले. मग म्हणाले, "मामा, उद्या जरा लवकर या."

दोन वर्षांनी त्यांनी नवा कीबोर्ड आणला. त्यावर कॉर्ड वाजत, आवाज एका बटणावर बदले. मी तोही पत्र्याखाली तापवला, वन्स मोअर देऊन छळला. कुठेतरी खोट सापडावी म्हणून दुसऱ्या दुपारी पुन्हा गेलो. सापडली नाही.

"मामांना मी सांगतो," अण्णा म्हणाले. मी नको म्हटलं आणि मामांच्या घरी जायला सायकल काढली.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. "उन्हात ठेवलावतास ना?"

"ठेवला होता, मामा."

"मग ठीक आहे," म्हणाले आणि चहा टाकायला उठले.

वाद्य कोणतंही असो, पेपर एकच काढावा. निकाल आपल्याला आवडेलच असं नाही.