एका वेळी एकच गिऱ्हाईक

दुकान पाडणार हे नक्की झालं तेव्हा मापकाकांना दुकानाचं फारसं वाईट वाटलं नाही. भिंतींना ओल, छताला भेगा, कधीतरी ते पडणारच होतं. काळजी लागली ती गिऱ्हाइकांची. काका बूट बनवायचे, पण ज्यांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड आहे अशा माणसांचे. एका बुटाचा तळ जाड, दुसऱ्याचा पातळ, आणि घालणारा सरळ चालला पाहिजे. असा जोड दोन-तीन वर्षं टिकतो. मग एक दिवस माणूस दारात येऊन म्हणतो, "काका, झिजला." मधल्या काळात ना फोन, ना पत्ता. काकांनी तो कधी विचारलाच नव्हता. प्रत्येकाच्या पायाचा लाकडी साचा फळीवर होता, तेवढ्यावर त्यांचं भागायचं.

नवी जागा मिळाली ती शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. म्हणजे आता ही माणसं झिजलेल्या बुटांनी जुन्या रस्त्यावर येणार आणि मातीच्या ढिगापुढे उभी राहणार. त्यातली एक शिक्षिका तर शाळकरी पोर असल्यापासून काकांचेच बूट घालत होती. ती तशी उभी आहे असं मनात आलं की काका जेवता जेवता ताट बाजूला सारायचे.

भाची म्हणाली, "मामा, वेबसाइट काढू या."

तिनं सगळं नीट समजावलं. वेबसाइटचं नाव वेगळं घ्यायचं, त्याचे दरवर्षी पैसे भरायचे. पानं ठेवायला जागा वेगळी, तिचंही भाडं. नाव म्हणजे पाटी, जागा म्हणजे गाळा, पानं म्हणजे आतला माल. हे काकांच्या डोक्यात लगेच शिरलं, कारण भाड्याच्या गोष्टी दुकानदाराला शिकवाव्या लागत नाहीत. नावावरून मात्र जुंपली. दुकानाच्या पाटीवर वडिलांनी दिलेलं लांबलचक, भारदस्त नाव होतं आणि काकांना तेच हवं होतं.

"ते कुणाच्या लक्षात आहे, मामा? लोकांच्या तोंडी आहे ते नाव घ्यायचं. लोक तेच टाइप करणार."

"मग मापकाका," मामी आतून म्हणाल्या, आणि विषय संपला.

पानावर काय लिहायचं म्हटल्यावर काकांनी आजोबांपासून सुरुवात केली. भाचीनं कपाळाला हात लावला. "माणूस रस्त्यात उभा राहून मोबाइलवर बघतो. त्याला आधी पत्ता, वेळ आणि फोन नंबर दिसू दे. आजोबा खाली." आजोबा मुकाट्यानं खाली गेले.

वेबसाइट सुरू झाली. काकांनी ती एकदा डोळे भरून पाहिली आणि नंतर पुन्हा म्हणून उघडली नाही. मामींनी शेजारणीला दाखवायला घेतली तर त्यांच्या हातातला मोबाइल काढून घेतला. पुढच्या खेपेला भाचीनं विचारलं, "नवे फोटो टाकलेत, पाहिलेत का?"

"नाही गं. आपणच उघडून बसलो तर गिऱ्हाइकानं कुठं थांबायचं?"

काकांचंही काय चुकलं म्हणा. दुकानात मापाचं स्टूल एकच, एक उठल्याशिवाय दुसरा बसायचा नाही, सारा जन्म असाच गेलेला. बिचारे स्वतःच्या वेबसाइटच्या दाराबाहेर सभ्यपणे उभे होते. भाची हसली नाही, हा तिचा मोठेपणा. तिनं स्वतःचा, मामांचा आणि मामींचा असे तिन्ही मोबाइल टेबलावर ओळीनं मांडले आणि तिन्हींवर तेच पान उघडलं.

"इथून कुणी काही उचलून नेत नाही, मामा. कुठंतरी लांब एक कम्प्युटर आहे, सतत चालू असलेला. तुमचं पान त्याच्यावर ठेवलंय. जो मागेल त्याला तो एक प्रत पाठवतो. मूळ पान जागच्या जागी राहतं."

"हजार जणांनी मागितलं तर?"

"हजार प्रती."

"आणि आपलं शटर खाली असलं तर?"

"तरीही. अगदी इथली वीज गेली तरीही."

काकांनी तिन्ही मोबाइल पुन्हा एकदा न्याहाळले. त्यांनी केलेला प्रत्येक बूट एकाच माणसाला व्हायचा, दुसऱ्याच्या तो काही कामाचा नसायचा. आणि इथं एकच वस्तू, जो मागेल त्याला पुरणारी, दिल्यानं तसूभरही न घटणारी. आपण जेवत असताना, दाढी करत असताना कुणीतरी, कुठंतरी आपला पत्ता वाचत असेल! मग स्वतःच्या मोबाइलवर त्यांनी ते पान वरपासून थेट आजोबांपर्यंत वाचून काढलं.

तरी धाकधूक होतीच. ओळखीचं माणूस येईपर्यंत हे सगळं ऐकीव. ओळखीचं कुणी येत नव्हतं, आणि येईल तो आधी त्या ढिगापुढे हताश होऊन मगच येणार, याबद्दल काकांना शंका नव्हती. त्याची माफी कशी मागायची ते त्यांनी घोकून ठेवलं होतं.

एका दुपारी नव्या दुकानापुढे रिक्षा थांबली आणि ती शिक्षिका उतरली. काका पुढं धावले. "फार त्रास झाला ना, बाई? तिकडे नुसती माती बघून…"

"कुठली माती?" ती म्हणाली. "फोनमध्ये मापकाका टाकलं, त्यानं रस्ता दाखवला, आले. आता एवढ्या लांब आलात का तुम्ही? मला वाटलं, फोनच चुकतोय." मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघून तिनं हळूच विचारलं, "काका, जुनं दुकान नाहीये का आता?"

घोकलेलं सगळं काकांच्या ओठावर होतं. त्यातलं एक अक्षरही वापरावं लागलं नाही. "नाही," ते म्हणाले, आणि डोळे दिसू नयेत म्हणून घाईघाईनं तिच्या बुटाची नाडी सोडायला खाली वाकले.