भिंत कोणत्या रंगाची हाय?

बार्शीच्या स्टँडवर एस.टी. सुटायला दहा मिनिटं होती आणि आई माझ्या खिडकीखाली उभी होती. मांडीवरच्या गाठोड्यात तिने शिवलेली वाकळ होती आणि वाकळीच्या घडीत कागदात गुंडाळलेला बाबासाहेबांचा फोटो. नीट जेव, जपून राहा, असलं काही ती बोलली नाही. म्हणाली, "खोली मिळाली की सांग, भिंत कोणत्या रंगाची हाय." गाडी हलली तरी ती तेच सांगत होती, जणू मला ऐकूच गेलं नव्हतं.

गल्लीत राहिलेल्या तुम्हा सगळ्यांना तिचा प्रश्न विचित्र वाटणार नाही. दर एप्रिलला, जयंतीच्या आधी, आई चुन्यात नीळ कालवायची आणि घराची दर्शनी भिंत आम्ही मायलेकी रंगवायचो. कोपरापर्यंत हात निळे व्हायचे आणि आठवडाभर तसेच राहायचे. आमच्याकडे रंगाचा सीझन एकच आणि त्या सीझनचा रंगही एकच.

कर्वेनगरात कॉट बेसिसवर, म्हणजे एका खाटेपुरती, जागा मिळाली. घरमालकीणबाईंनी नाव विचारलं. "सुजाता." "पुढे?" मी आडनाव सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून माझा पाण्याचा पेला वेगळा झाला. फोटो वाकळीच्या घडीतच राहिला. आईला फोनवर सांगितलं, क्रीम रंग आहे. पुढच्या चार खोल्यांच्या भिंतीही क्रीमच होत्या, फोटोही तसाच घडीत. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर पडले, त्यांना या क्रीम भिंती चांगल्याच माहीत असतील.

मग धायरीत स्वतःचा फ्लॅट घेतला. जुना होता, म्हणून मेकओव्हरसाठी इंटिरिअरवाली मुलगी बोलावली. तिने लॅपटॉप उघडला. "मॅम, या सीझनला अर्दी टोन्स चाललेत. हॉलला टेराकोटा घेऊ, पडदे ऑलिव्ह. ब्लू आता आउट आहे." आई जन्मभर ज्या रंगात हात बुडवत आली, तो आउट! मला हसू आलं, पण मी मान डोलावली. तिने माझी वाकळ पाहिली आणि हरखलीच. "मॅम, हे हँडक्राफ्टेड पीस तुम्ही कपाटात ठेवता?" वाकळ हॉलच्या भिंतीवर टांगली गेली, वरून एक पिवळा दिवा. आणि एन्ट्रीला, शू-रॅकच्या वर, तिने बुद्धाची मूर्ती ठेवली. व्हाइब येते म्हणाली.

मला तेव्हाच खटकलं होतं, पण मी ती तिथेच राहू दिली. खरं कारण सांगते. बुद्धाची मूर्ती आजकाल कुणाच्याही घरात असते, त्यामुळे ती घरमालकाबद्दल काही सांगत नाही. फोटो सांगतो. म्हणून मूर्ती दारात आणि फोटो बेडच्या बॉक्समध्ये. बौद्धाच्या घरात बुद्ध लपायला कामी आला, तोही चपलांवर बसून.

आईने फोनवर विचारलं, भिंत कोणत्या रंगाची. तोंडातून "निळी" निघून गेलं.  ती म्हणाली, "मग बघायलाच येते."

ती रविवारी संध्याकाळी सातला पोचणार होती. त्याच दिवशी चारला मी शेजाऱ्यांना नवं घर दाखवायला चहाला बोलावलं होतं. सहापर्यंत लोक जातील, मग मूर्ती हलवायची, फोटो लावायचा, भिंतीचं काहीतरी कारण शोधायचं, असा हिशेब मी मनात दहा वेळा केला. साडेचारला बेल वाजली. आई सकाळच्याच गाडीने निघाली होती आणि स्वारगेटहून स्वतः रिक्षा करून आली होती.

तिने चपला काढल्या. रॅककडे पाहिलं. मग पदराने हात पुसले, मूर्ती दोन्ही हातांनी उचलली आणि आत येऊन सोफ्यावर बसली. मूर्ती मांडीवर. विटकरी भिंतीकडे तिने एकदाच पाहिलं. मी हातातला ट्रे टेबलावर ठेवला.

"ही माझी आई," मी म्हणाले. एवढं तरी म्हणाले.

समोरच्या फ्लॅटमधल्या काकू, बोलायला फटकळ, म्हणाल्या, "अहो, ठेवा ना ती खाली. शोपीस आहे तो."

"ऱ्हाऊ द्या," आई म्हणाली. "जड न्हाई."

वरच्या मजल्यावरच्या बाई वाकळीवर हात फिरवत होत्या. "आम्हालाही अशी हवी होती. सुजाता म्हणाली, कुठल्याशा प्रदर्शनातून घेतलीय."

हो, म्हणाले होते मी. पंधरा दिवसांपूर्वी, लिफ्टमध्ये. आता आईकडे बघायची माझी हिंमत होईना. त्या वाकळीच्या मधोमध तिच्या एकुलत्या एक चांगल्या साडीचा निळा तुकडा आहे. 

आई उठली, मूर्ती सांभाळत भिंतीपाशी गेली आणि परक्याची वस्तू पाहावी तशी वाकळ निरखू लागली. "चांगली हाय," ती म्हणाली. "टाके बारीक हायेत. जिनं शिवली तिनं मन लावून शिवलीया."

तिने मला वाचवलं. आणि ते मला सहन झालं नाही.

"ही वाकळ आईनेच शिवलीय," मी म्हणाले. आवाज नको तेवढा मोठा निघाला. "मी खोटं बोलले. आणि काकू, तो शोपीस नाही. आम्ही बौद्ध आहोत."

वरच्या बाईंनी वाकळीवरचा हात काढून घेतला. कुणाच्या तरी कपाचा बशीवर आवाज झाला. काकूंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"मग चपलांवर कशाला ठेवला होतात?"

इतकी वर्षं मी ज्या प्रश्नांची भीती बाळगली होती, त्यांत हा नव्हता. 

"त्यांचं बराबर हाय," आई म्हणाली आणि मूर्ती माझ्या हातात दिली.

लोक गेल्यावर मी बॉक्समधून फोटो काढला. भिंत निळी करून घेते, उद्याच माणूस बोलावते, असं मी घाईघाईने म्हणाले. आई खिळा शोधत होती. "विटकरी हाय तर विटकरी म्हनायचं. मी का रंग बघाया आलते?" मग मला रडू आवरलं नाही. तिने मला रडू दिलं आणि खिळा स्वतःच ठोकला.

वरच्या बाई आता लिफ्टमध्ये मोबाईलमध्ये बघत राहतात. त्याचं वाईट वाटतं, नाही असं नाही. काकू मात्र येतात आणि येताना दर वेळी रॅककडे बघतात. मुद्दाम.

आई परत गेली. तिथली दर्शनी भिंत ती अजून रंगवते, आता एकटीच. फोनवर अजूनही विचारते, भिंत कोणत्या रंगाची हाय. मी सांगते, विटकरी. "आन् फोटू?" दार उघडलं की जिन्यातून दिसतो, मी सांगते. दार मी उघडंच ठेवते.