कंत्राटी बायांनी काळा टाकायचा

"तू कायम झालीस? कवा? पेढं तरी द्यायचं."

गेटावर सगळ्या बायांसमोर साहेब असं बोलला आन् मी हसले. चुकून हसले. लाईनीचा साहेब चेष्टा करतो तवा हसावंच लागतं, आम्ही सगळ्याच हसतो. पण त्यानं फोन माझ्या तोंडासमोर धरला, इतका जवळ की मला नुसता उजेड दिसला.

"हे काय पाठवलंस?"

"अंगठा, साहेब."

"कुठल्या रंगाचा?"

मी डोळे बारीक करून बघितलं.

"बोल की. दातखीळ बसली?"

"पिवळा."

"आन् तुझा रंग कुठला? आरसा हाय का घरात?"

मागं हसल्या. बसमधनं उतरलेल्या कायमवाल्या हसल्या आन् आमच्यातल्या बी हसल्या. मी वळून बघितलं न्हाई. पण आपल्या माणसाचं हसू वळखू येतं.

"हात पुढं कर," साहेब म्हणला.

मी केला. त्यानं माझा अंगठा धरला, असा चिमटीत, घाण उचलल्यासारखा, आन् फोनच्या काचेवर लावला. काचेवर पाच अंगठ्यांची चित्रं, गोऱ्यापासून काळ्यापर्यंत. एकेकाशेजारी माझा अंगठा लावत गेला. "हा न्हाई. हा बी न्हाई. हा तर न्हाईच." बाया हसतायत. शेवटच्याला थांबला. "हा. बरोबर जुळला. कळलं? सगळ्यात शेवटचा." आन् माझा अंगठा काचेवर तसाच ठिवायला लावून बाजूच्या पोरीच्या फोननं फोटो काढायला लावला. लाईनीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ज्यांना कळत नाही त्यांनी असं लावून बघायचं.

मग मला म्हणला, "बापाला इचार तुझ्या. रंग लावल्याबिगर मेंढरं वळखत व्हता का तो? आमच्याच रानात कळप बसवायचा. जा घरी आज."

मी गेले. रस्त्यानं चालताना अंगठा मुठीत धरला व्हता, हे खोलीवर गेल्यावर कळलं. मुठीत नखं रुतली व्हती.

काय झालं व्हतं ते सांगते. मला एका दमात सांगता येत न्हाई, सातवीत शाळा सुटली माझी, पुढचं मागं व्हतं. पण सांगते.

आमची कंपनी कारेगावच्या शेजारी. गाड्यांत वायरी असत्यात, त्यांचे जुडगे बांधायचं काम, सगळ्या बायाच. लाईनीवर वीस जागा. बारा जणी कंपनीच्या कायम. आम्ही ठेकेदाराच्या, कंत्राटी, पंधरा-सोळा जणी. सगळ्यांचा मिळून फोनवर एक ग्रुप. सकाळी सहाच्या आत, जिला यायचं तिनं अंगठ्याचं चित्र टाकायचं. ते चित्र दाबून धरलं की सहा अंगठे येतात, एक पिवळा आन् पाच माणसाच्या रंगाचे. साहेबाचा नियम व्हता, कायमवाल्यांनी पिवळा टाकायचा, कंत्राटी बायांनी काळा टाकायचा. नाव लिवायचं न्हाई. "नावं वाचत बसू का मी? रंगानं एका नजरंत मोजून व्हतंय." पिवळे मोजायचे. वीसातनं जेवढ्या जागा उरतील तेवढे काळे वरनं उचलायचे. जिनं आधी टाकला ती आत, बाकीच्या माघारी.

कुणाला खटकलं न्हाई. मला बी न्हाई. खरं सांगते. पाचला उठायचं, चूल न्हाई काय न्हाई, आधी अंगठा. काळा. पोरगी झोपेत कूस बदलायची तवा माझा अंगठा गेलेला असायचा. मला वाटायचं, बरं हाय, लिवायला लागत न्हाई.

त्यात पोरीनं माझा फोन बादलीत घातला. दोन वर्षांची हाय, हातात आलं ते पाण्यात घालती. मग आत्याबाईंचा फोन घेतला मी, माझं कार्ड त्यात घातलं. आत्याबाई म्हंजी सासू माझी. त्यांचा फोन बटणांचा, जुना. ग्रुप दिसायचा त्यात, पण अंगठा एकच. पिवळा. दाबून धरला तरी पिवळाच. आन् दुसऱ्या बायांचे बी अंगठे त्यात पिवळेच दिसायचे, फक्त आमच्यातल्या बायांच्या अंगठ्यापुढं एक रिकामा चौकोन यायचा. मला वाटलं फोन जुना, कचरा दाखवतोय. त्या फोनात आम्ही सगळ्या एका रंगाच्या व्हतो. मी पिवळा टाकला.

आन् त्याच दिवशी बांधलेले जुडगे तपासायच्या बोर्डावरची कायमची बाई आली न्हाई. पण पिवळे बारा भरले, त्यातला एक माझा. साहेब निवांत. लाईन चालू झाली तर बोर्डावर कोणच न्हाई. अर्धा तास लाईन उभी. वरच्या साहेबानं ह्याला झाप झाप झापलं. ह्यानं ग्रुप उकरला, बारावा पिवळा माझा निघाला. मला काय ठाऊक? दुसऱ्या दिवशी पहाटं मी परत पिवळाच टाकला, आन् गेटावर गेले, आन् तो वाट बघत व्हता.

त्या दिवशी मला भ्या एकाच गोष्टीचं वाटलं. ही कंपनी गेली तर? इथं सकाळची एकच पाळी. तीनला मी घरी. आत्याबाईंना गुडघ्यानं उठवत न्हाई, पोरगी तेवढाच येळ सांभाळत्यात. मालक, म्हंजी नवरा माझा, शिरूरला मार्केट यार्डात टेम्पोवर, कवा येतील ठाव नसतं. बाकी कंपन्यांत रातपाळी लावत्यात. पोरगी कुणाकडं टाकू?

मालकांना सांगितलं तर म्हणले, "काळा तर काळा. टाक की. अंगठ्यानं काय झिजतंय तुझं?"

काय झिजलं ते दाखवायला काय नव्हतं माझ्याकडं.

सुट्टीच्या दिवशी पोरीला काखोटीला मारलं आन् यष्टीनं दौंडला गेले, माहेरी. स्टेशनच्या बाजूला रेश्माचं दुकान हाय. सातवीपर्यंत आम्ही एका बाकावर व्हतो. ती पुढं शिकली, माझं लगीन लावलं. ती फॉर्म भरती, झेरॉक्स काढती, फोन उघडून दुरुस्त करती.

"काय गं, सासरी जाऊन फोन धुवायला शिकलीस व्हय?"

"पोरीनं घातला."

"शाणी हाय पोरगी. आयशीला सारखी त्यात बघताना बघितलं असंल."

फोन उघडता उघडता मी तिला सगळं सांगितलं. अंगठा धरला ते बी सांगितलं. तिचा स्क्रू हातातनं पडला. मग तिनं तो फोटो बघायला मागितला आन् माझा फोन तर बंद, म्हणून आत्याबाईंच्या फोनात दाखवला. बारका, धुरकट. माझा अंगठा त्यात. वायरीनं चिरलेला, नखात काळं.

रेश्मानं फोन टेबलावर उलटा ठिवला. मग म्हणली, "ही चित्रं तुझ्या साहेबाच्या बापानं काढल्यात का? ह्यांना इमोजी म्हणत्यात. तिकडं परदेशात एक मंडळ हाय, ते एकेका चित्राला नंबर देतं. नंबर जगातल्या सगळ्या फोनात एकच. चित्र मात्र ज्या त्या कंपनीनं आपल्या हातानं काढायचं, म्हणून ह्या फोनात येगळं दिसतं, त्या फोनात येगळं. आन् फोन जुना असला की नवा नंबर त्याला कळत न्हाई. मग चौकोन दावतो."

"आन् काळा अंगठा?"

"त्यो दोन नंबरांचा. आधी अंगठ्याचा, मागनं रंगाचा. ह्या डब्ब्याला अंगठा कळला, रंग कळला न्हाई."

मी म्हणलं, डब्बाच शाणा.

"पण चित्र घ्यायचं का न्हाई ते कोण ठरवतं?"

"अर्ज मागवत्यात. कोण बी करतं. तू बी करू शकती. इंग्रजीत लिवायचं, हे चित्र का पायजे, किती लोक वापरतील, आधीच्या चित्रानं भागत का न्हाई. मग ते बसून चाळत्यात. लई अर्ज माघारी. पास झालं तरी आपल्या फोनात यायला वरीस-दोन वरीस."

"म्हंजी तिथं बी गेटच हाय."

"गेट तर सगळीकडंच हाय, बाई." ती हसली. मग हसायची थांबली. "पण हे ऐक. आधी सगळी माणसं पिवळीच व्हती, न्हाईतर गोरी. लोकांनी कालवा केला, आमच्या कातडीचा माणूस कुठं हाय ह्यात? मग कातडीच्या डॉक्टरांची मोजपट्टी असती, त्यावरनं पाच रंग घेतले. ज्याचा त्यानं निवडावा म्हणून. आन् ज्याला निवडायचा न्हाई त्याला पिवळा, कारण पिवळ्या कातडीचा तसा कोण माणूसच नसतो. पिवळा कुणाच्या मालकीचा न्हाई. कायमवाल्यांचा तर न्हाईच न्हाई."

ज्याचा त्यानं. हे मला लागलं. आत कुठंतरी लागलं.

लोक भांडले व्हते, आम्ही बी दिसलो पायजे म्हणून. मग काळा अंगठा आला. आन् इथं कारेगावात तोच काळा अंगठा साहेबानं आम्हाला लावला, आम्ही कुणाच्या ते कळावं म्हणून. माझा बाप मेंढरं घेऊन वरीसभर फिरायचा. कुणाच्या रानात खतासाठी कळप बसवायचा तवा दोन धन्यांची मेंढरं एका जागी यायची. मग पाठीवर रंग. आमचा तांबडा, चुलत्याचा निळा. मी लहान असताना मी धरायचे, बाप रंग लावायचा. मेंढरू मान खाली घालून उभं ऱ्हायचं. एक बी मेंढरू कवा पळालं न्हाई. मला तवा वाटायचं त्यांना आवडतं.

मी रेश्माच्या दुकानात खुर्चीवर बसून रडले. पोरगी झेरॉक्सच्या मशिनीची बटणं दाबत व्हती. मला काळ्याची लाज वाटली न्हाई, देवाशपथ. माझी आई काळी, मी काळी, पोरगी बी काळीच. मला लाज वाटली ती मी रोज पाचला उठून, न सांगता, मान खाली घालून तो रंग स्वतःच लावून घेत व्हते त्याची. साहेबानं एकदाच अंगठा धरला. मी रोज देत व्हते.

दुसऱ्या दिवशी पहाटं फोन हातात घेतला. चालू झाला व्हता. अंगठा दाबून धरला, सहा आले. मी ते सोडून दिलं. अक्षरं काढली. मला टाईप करायला येळ लागतो, काना येगळा शोधावा लागतो, दोनदा चुकलं. माझं नाव लिवलं. त्याच्यापुढं लिवलं, येते.

पाठवलं.

थोड्या येळानं साहेबाचं आलं. "अंगठा." मग, "नाव डिलीट कर. काळा टाक."

मी नाव तसंच ठिवलं आन् चहा न घेताच पायात चपला घातल्या. आत्याबाई बघत व्हत्या. म्हणल्या, "काय झालं गं? ताप हाय का?" मी म्हणलं न्हाई. पोरीच्या कपाळाचा मुका घेतला आन् निघाले.

गेटावर तो व्हता. बाया व्हत्या.

"वाचता येत न्हाई का तुला?"

"येतं. तुम्हाला बी येतं. म्हणून नाव लिवलं."

माझा आवाज चिरका आला, पोरीसारखा. कोणतरी खुसखुसलं.

"नाव वाचायला तू कलेक्टर लागून गेलीस व्हय?"

"माझा रंग माझा हाय, साहेब. टाकायचा का न्हाई ते मी बघीन. मोजायचं तर नावानं मोजा. आन् तो फोटो काढा ग्रुपवरनं."

एवढंच बोलले. ह्याच्या फुडचं येत नव्हतं मला. मी गेटाची जाळी धरली.

त्यानं माझ्याकडं बघत बघत फोनावर बोट फिरवलं. माझ्या हातातला फोन थरथरला. ग्रुपमधनं काढलं मला. "झालं," म्हणला. "आता लिव नाव. कुठं लिवतीस?" आन् आत गेला. बाया बी गेल्या. मंगलमावशी, जी माझ्या शेजारी वायरी बांधती, जाताना थांबली. म्हणली, "परवा मी बी हसले गं." आन् घाईनं आत गेली, काळ्यांत तिचा नंबर लागला व्हता त्या दिवशी.

आज सहावा दिवस हाय. ग्रुप न्हाई, अंगठा न्हाई. मी रोज सहाला जाऊन गेटावर उभी ऱ्हाते. गेटावरच्या मामांकडं वही असती, येणाऱ्या-जाणाऱ्याची. मी म्हणते, मामा, नाव लिवा. ते पहिल्या दिवशी लिवत नव्हते. आता लिवत्यात. येळ बी घालत्यात. मग सातचा भोंगा व्हतो, मला आत घेत न्हाईत, मी माघारी येते. मालक म्हणतात, येडी झालीस. काल मंगलमावशीनं बी ग्रुपवर अंगठा टाकला न्हाई, नाव टाकलं, असं ऐकलं. तिला अजून काढलं न्हाई. काढतील.

मला भ्या वाटतं. खोटं कशाला बोलू? पोरीचं काय, पुढं काय, रातच्या रात डोळा लागत न्हाई. पण मी जाणार. उद्या बी जाणार, परवा बी. ठेकेदार येऊंदे, वरचा साहेब येऊंदे. मला कामावरनं काढलं असं एकानं तरी माझ्यासमोर उभं राहून बोलायचं, आन् बोलताना माझं नाव घ्यायचं. पुरं नाव. तवर मी गेटावरनं हलणार न्हाई.