मेश्रामकाकांचं टाकं

मेश्रामकाका गेल्याची बातमी मला आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळली, ऑफिसात असताना. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती... ती पाहून दुःखाआधी मला संताप आला. पाच आठवडे झाले, तो अजून उतरलेला नाही.

काका मूळचे भंडाऱ्याचे. रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये इंजिनं दुरुस्त करण्यात आयुष्य गेलं, बदलीवर जयपूरला आले आणि निवृत्तीनंतर मानसरोवरमध्येच राहिले. नोकरीसाठी मी पुण्याहून इथे एकटी आले, तेव्हा दारावरची मराठी पाटी वाचून त्यांनी बेल वाजवली. मला वाटलं, ओळख करून घ्यायला आलेत. त्यांनी विचारलं ते भलतंच. महिनाभर पेट्रोल-डिझेल मिळालं नाही तर काय करशील? मी हसले. तेल एकदम संपणार नाही, ते म्हणाले. आधी महाग होईल, मग कधी येईल कधी नाही, आणि आपल्याकडे पहिली झळ पाण्याला बसेल. "पोरी, आपलं पाणी आणणारा टँकर काय पाण्यावर चालते?"

हाच प्रश्न घेऊन ते दारोदार फिरले. दोन वर्षं खपून कॉलनीच्या बागेच्या कोपऱ्यात त्यांनी पावसाच्या पाण्याचं टाकं बांधून घेतलं. सभागृहाच्या गच्चीवरचं पाणी त्यात उतरायचं. उपसायला मोटार नाही, हातपंप. म्हणजे वीज नसली, डिझेल नसलं तरी अडायला नको. जयपूरच्या जुन्या घरांत अशी टाकी असायचीच, मी काही नवं करत नाही, असं ते सांगत. पहिल्याच पावसाळ्यात टाकं भरलं. आणि त्याच हिवाळ्यात समितीनं ते बुजवून वर फरशी घातली, कारण गाड्या लावायला जागा हवी होती! बैठकीत काकांनी परोपरीनं विनवलं. सेक्रेटरी हसून म्हणाले, "काकाजी, टेंशन मत लो. टँकर तो आएगा ही." सगळे हसले. विरोधात हात फक्त काकांचा होता. माझा खालीच राहिला... त्याची लाज मला आजही वाटते.

यंदा ऐन ज्येष्ठात डिझेलची टंचाई झाली आणि टँकर आले नाहीत. ज्यांच्या गाड्यांत पेट्रोल होतं ते नातेवाइकांकडे निघून गेले. बहात्तर वर्षांचे काका मात्र सायकलला दोन कॅन अडकवून लांबच्या देवळाच्या विहिरीवरून पाणी आणत राहिले, जिने चढून म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या दारात ठेवत राहिले. मी अडवलं, तर म्हणाले, "तिसऱ्या माळ्यावरच्या माणसाला तहान लागत नाही काय?" चौथ्या दुपारी ते जिन्यातच बसले, ते उठले नाहीत.

शोकसभेत सेक्रेटरी काकांच्या दूरदृष्टीबद्दल बराच वेळ बोलले. हृदय आधीपासूनच कमजोर होतं, हेही त्यांनी आवर्जून सांगितलं. मग पार्किंगला काकांचं नाव द्यावं असं सुचवलं. तेव्हा काकू उठून उभ्या राहिल्या.

"नाव नको," त्या म्हणाल्या. "फरशी काढा."

फरशी आजही तिथेच आहे, तिच्यावर गाड्याही.

गेल्या रविवारी काकूंनी काकांची एक वही माझ्या हातात ठेवली. कॉलनीत ज्यांना खाली उतरून पाणी नेता येत नाही, त्यांची नावं, मजला, घरात माणसं किती... पहिलंच नाव सेक्रेटरींच्या आईचं होतं. पुढे काकांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: गुडघे दुखतात. आधी इथे.